हातोडा पडण्याआधी

१८७० सालच्या शरद ऋतूत हार्वर्डच्या लॉ स्कूलमध्ये एक नवा प्राध्यापक वर्गावर आला. नाव ख्रिस्तोफर कोलंबस लँगडेल. वय चव्वेचाळीस, डोळे अधू. न्यूयॉर्कमध्ये वकिली केलेली, पण कोर्टापेक्षा ग्रंथालयातच जास्त रमलेला. मुलं वह्या उघडून बसली होती, कारण तोवरचा रिवाज असा की प्राध्यापकाने बोलायचं आणि पोरांनी उतरवून घ्यायचं. लँगडेलने भाषण सुरूच केलं नाही. त्याने एका विद्यार्थ्याला उभं केलं आणि विचारलं, पेन विरुद्ध केव्ह या खटल्यात काय घडलं ते सांगा.

खटला १७८९ सालचा, लंडनच्या किंग्ज बेंच न्यायालयातला. लिलावात दारू गाळायच्या भट्टीला लागणारी कथलाची वेटोळी नळी आणि ती बसवायचं पिंप निघालं होतं. बोली चढत चढत चाळीस पौंडांवर गेली. पुढे कोणी बोलेना. लिलाव पुकारणारा मात्र ‘एक वार, दोन वार’च्या मध्येच रेंगाळला. चाळीस पौंड बोललेल्या केव्हने विचारलं, थांबलात कशाला? पुकारणारा म्हणाला, माल वजनदार आहे, याहून जास्त यायला हवेत. त्या वजनाची हमी देता का, असं केव्हने विचारलं. हमी मिळेना, तेव्हा ‘मग मला नको’ म्हणून त्याने बोली मागे घेतली. हातोडा अजून पडलेला नव्हता. पुढे तोच माल पुन्हा लिलावाला काढला, तेव्हा तीसच पौंड आले. वरच्या दहा पौंडांसाठी केव्हवर दावा लागला.

दावा टिकला नाही. न्यायालय म्हणालं, बोली म्हणजे नुसता प्रस्ताव, हातोडा पडणं म्हणजे होकार, आणि होकार येईपर्यंत दोघांनाही माघार घ्यायची मोकळीक आहे.

लँगडेलने हा नियम आधी सांगितलाच नाही. मुलांनी गोष्ट सांगायची, दोन्ही बाजू मांडायच्या आणि नियम आपणच शोधायचा, अशी त्याची रीत होती. वर्ग गोंधळून गेला. फी भरून आलो ते कायदा ऐकायला, आणि इथे प्राध्यापकच आम्हाला प्रश्न विचारतो, अशी कुरकूर सुरू झाली. बरेच जण वर्गाला येईनासे झाले. जे थोडके चिकटून राहिले त्यांना बाकीच्यांनी ‘किटची पोरं’ म्हणून चिडवलं. किट हे ख्रिस्तोफरचं लाडकं रूप. दोन वर्षांत बोस्टनमध्ये दुसरं लॉ स्कूल उघडलं, त्यामागे या पद्धतीवरची नाराजी हेही एक कारण होतं.

तरीही पुढच्या काही दशकांत अमेरिकेतली बहुतेक लॉ स्कूलं याच रीतीने शिकवू लागली. कायदा न्यायाधीश घडवतात आणि संसद करते, असं आपण धरून चालतो. पण इंग्लंड-अमेरिकेच्या कायद्याला आजचा आकार देण्यात तो शिकवणाऱ्यांचा आणि त्यावर पुस्तकं लिहिणाऱ्यांचाही मोठा हात आहे.

जेवणावळीतला कायदा

इंग्लंडचा कॉमन लॉ कोणी एका जागी बसून लिहिलेला नाही. बाराव्या शतकात दुसऱ्या हेन्रीने राजाचे न्यायाधीश परगण्यापरगण्यांतून नेमाने फिरवायला सुरुवात केली. गावोगावच्या वेगवेगळ्या रूढींवर राजाच्या न्यायालयांची एकसारखी रीत चढत गेली, आणि साऱ्या राज्याला समान म्हणून ती ‘कॉमन’ ठरली. दाद मागायची तर आधी शुल्क भरून राजाच्या दफ्तरातून ‘रिट’ म्हणजे आज्ञापत्र काढावं लागे. तक्रार कितीही खरी असो, तिला बसणारं रिट नसेल तर दारच बंद. त्यामुळे वकिलाची विद्या म्हणजे मुख्यतः रिटांची विद्या होती.

ही विद्या ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्ये शिकवलीच जात नसे. तिथे शिकवत ते रोमन कायदा आणि चर्चचा कायदा, तेही लॅटिनमधून. देशाचा चालू कायदा शिकायचा तर लंडनला जायचं. तिथे चार ‘इन’ होती: लिंकन्स इन, ग्रेज इन, इनर टेंपल आणि मिडल टेंपल. वकिलांच्या या वसतिगृहवजा संस्थांत तरुणांनी राहावं, दिवसा वेस्टमिन्स्टरच्या न्यायालयात कोपऱ्यात उभं राहून ऐकावं आणि संध्याकाळी जेवणानंतर ज्येष्ठांसमोर काल्पनिक खटले लढवावेत. आजच्या विधी महाविद्यालयांतली ‘मूट कोर्ट’ स्पर्धा ही त्याच जेवणावळीची नात. सतराव्या शतकातल्या यादवी युद्धात हे शिक्षण मोडलं. व्याख्यानं गेली, वादविवाद गेले, जेवणं तेवढी उरली. ठरावीक संख्येने जेवणं जेवल्याशिवाय बॅरिस्टर होता येत नाही, ही अट मात्र शतकानुशतकं टिकली.

कायद्याची भाषाही खास होती. १०६६ साली नॉर्मन आले आणि त्यांच्याबरोबर फ्रेंच आली. दरबारातून ती गेली तरी वकिलांच्या तोंडी आणि टिपणवह्यांत शेकडो वर्षं राहिली, आणि दिवसेंदिवस अधिक मोडकी होत गेली. १६३१ साली सॉल्झबरीला एका गुन्हेगाराने शिक्षा ऐकताच न्यायाधीशावर विटेचा तुकडा भिरकावला. नेम थोडक्यात चुकला. त्या माणसाचा हात तोडून फासाच्या खांबाला ठोकण्यात आला आणि लगोलग त्यालाही तिथेच लटकवण्यात आलं. हा भीषण प्रसंग ज्या टिपणात आहे ते मात्र वाचताना हसू आवरत नाही, कारण त्यातली फ्रेंच अर्धी इंग्रजी आहे आणि वीट तर थेट इंग्रजीतच फेकलेली आहे. फिर्याद, जामीन, वकील, मुद्देमाल हे फारसी-अरबी शब्द मराठीच्या पोटात घालून कोर्टात वावरणाऱ्या आपल्या लोकांना यात नवल वाटू नये. इंग्लंडच्या न्यायालयांतून लॅटिन आणि फ्रेंच अधिकृतपणे हटली ती १७३३ साली.

कायदा असा वकिलांच्या ताब्यात राहण्याचा एक फायदाही झाला. सर एडवर्ड कोक या सरन्यायाधीशाने १६०७ सालची एक हकीकत लिहून ठेवली आहे. राजा पहिला जेम्स म्हणाला, बुद्धी मलाही आहे, मग निवाडा मी का करू नये? कोकने उत्तर दिलं की लोकांच्या जिवाचे आणि मालमत्तेचे निवाडे उपजत बुद्धीने होत नाहीत. त्यासाठी दीर्घ अभ्यासाने कमावलेली बुद्धी लागते. दुसऱ्या एका समकालीन पत्रात मात्र असं आहे की राजा भडकला आणि कोकने त्याच्यापुढे लोटांगण घातलं. काहीही असो, अभ्यास हाच राजाला रोखणारा अधिकार, हा विचार त्या हकीकतीने पुढे पोहोचवला.

फक्त तो अभ्यास भयंकर होता. कोकने १६२८ साली जमिनीच्या कायद्यावर जे भाष्य छापलं, त्यात मूळ मजकुराभोवती भाष्य आणि भाष्याभोवती टिपा अशी दाटी आहे. व्हर्जिनियात कायदा शिकणाऱ्या एकोणीस वर्षांच्या थॉमस जेफरसनने १७६२ च्या नाताळात मित्राला पत्र लिहिलं, त्यात या कंटाळवाण्या म्हाताऱ्याला सैतान उचलून नेईल तर बरं, अशी इच्छा व्यक्त केली आहे.

रेशीमवाल्याचा मुलगा

कायदा वाचनीय केला तो वकिलीत फारसं यश न मिळालेल्या एका माणसाने. विल्यम ब्लॅकस्टनचा जन्म १७२३ साली लंडनच्या चीपसाइडमध्ये झाला. रेशमाचा व्यापारी असलेला बाप तो जन्मण्याआधीच वारला होता. मुलगा हुशार निघाला, ऑक्सफर्डच्या ऑल सोल्स कॉलेजचा फेलो झाला. १७४६ मध्ये बॅरिस्टर झाला, पण अशील काही येईनात. ऑक्सफर्डमधली रोमन कायद्याची प्राध्यापकीही हुकली. मग १७५३ मध्ये त्याने स्वतःच फी घेऊन इंग्लंडच्या कायद्यावर व्याख्यानं सुरू केली. विद्यापीठात असं पूर्वी कोणी केलं नव्हतं.

ऐकायला नुसते भावी वकील नव्हते. जमीनदारांची मुलं होती, उद्या खासदार होणारे होते. यांना कायदा समजला पाहिजे पण रिटांच्या जाळ्यात अडकवायचं नाही, हे ब्लॅकस्टनने ओळखलं. त्याच सुमाराला चार्ल्स व्हायनर नावाचा एक विक्षिप्त गृहस्थ वारला. कायद्याचं तेवीस खंडी सार त्याने स्वतःच्या घरी छापखाना मांडून छापलं होतं. आपली मिळकत त्याने ऑक्सफर्डमध्ये इंग्लंडच्या कायद्याचं अध्यासन काढायला ठेवली. १७५८ साली त्या अध्यासनावर पहिला बसला तो ब्लॅकस्टन.

याच व्याख्यानांतून १७६५ ते १७६९ या काळात ‘कॉमेंटरीज’चे चार खंड निघाले. व्यक्तींचे हक्क, वस्तूंवरचे हक्क, खासगी अपकृत्यं आणि सार्वजनिक अपकृत्यं म्हणजे गुन्हे, अशी सरळ चार खोल्यांची मांडणी. शतकानुशतकांच्या अडगळीतून एक माणूस दिवा घेऊन फिरवतो आहे असं वाचणाऱ्याला वाटे. पुस्तकाने ब्लॅकस्टनला पैसा दिला, नाव दिलं आणि १७७० मध्ये न्यायाधीशाची खुर्चीही दिली.

नीटनेटक्या मांडणीत एक धोकाही असतो. जे आहे ते शहाणपणाचंच आहे, असं ती वाटायला लावते. लग्न झालं की नवरा-बायको कायद्याच्या लेखी एकच व्यक्ती, आणि पत्नीचं कायदेशीर अस्तित्व नवऱ्याच्या अस्तित्वात विरघळतं, हे ब्लॅकस्टनने इतक्या सुबकपणे सांगितलं की पुढची शंभर वर्षं ते उद्धृत होत राहिलं. १८४८ मध्ये सेनेका फॉल्सला जमलेल्या अमेरिकन स्त्रियांच्या जाहीरनाम्यात विवाहित स्त्री कायद्याच्या नजरेत मृत आहे, अशी जी तक्रार आहे ती याच नियमाविरुद्ध. गुलामीबाबत तर त्याची लेखणी अडखळली. पहिल्या आवृत्तीत त्याने लिहिलं की इंग्लंडच्या भूमीवर पाऊल ठेवताच गुलाम मुक्त होतो. पुढच्या आवृत्तीत शेपूट जोडलं, की मालकाचा त्याच्या चाकरीवरचा हक्क मात्र कदाचित तसाच राहील. १७७२ मध्ये जेम्स सॉमरसेट या गुलामाला न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफिल्डने सोडून दिलं, त्या खटल्यात नेमका हाच प्रश्न ऐरणीवर होता.

ब्लॅकस्टनच्या वर्गात १७६३ साली एक पंधरा वर्षांचा चुणचुणीत मुलगा बसत असे. त्याला सारी व्याख्यानं पोकळ वाटली. तो जेरेमी बेंथॅम. १७७६ मध्ये त्याने निनावी पुस्तक काढून ब्लॅकस्टनची सालटी काढली. बेंथॅमचं म्हणणं असं की न्यायाधीशांनी निवाड्यांतून घडवलेला कायदा म्हणजे कुत्र्याला शिकवण्यासारखं आहे: त्याने चूक करेपर्यंत थांबायचं आणि मग काठी घालायची. कायदा आधी, सोप्या शब्दांत, कलमवार लिहिला पाहिजे. संहिता करण्याच्या या कामाला इंग्रजीत जो शब्द आज वापरतात तो बेंथॅमचाच. त्याच्या मायदेशाने ते ऐकलं नाही. ऐकलं ते कुठे, ते पुढे येईलच.

लाकडी झोपडीतलं विद्यापीठ

ब्लॅकस्टन राजनिष्ठ होता, अमेरिकन वसाहतींच्या बंडाचा विरोधक. पण त्याचं पुस्तक सर्वांत जास्त कामी आलं ते बंडखोरांच्याच. तिकडे इन नव्हती, ग्रंथालयं नव्हती. चार खंड खोगिराच्या पिशवीत मावत आणि त्यांत अख्खा कायदा असे. १७७१-७२ मध्ये फिलाडेल्फियाच्या रॉबर्ट बेलने स्वस्त अमेरिकन आवृत्ती छापली. आगाऊ नोंदणी करणाऱ्यांच्या यादीत व्हर्जिनियाचा एक थॉमस मार्शल होता. त्याचा मुलगा जॉन पुढे अमेरिकेचा सरन्यायाधीश झाला. मार्च १७७५ मध्ये एडमंड बर्कने पार्लमेंटला बजावलं, की पुस्तकविक्रेता सांगतो, हे पुस्तक जवळपास इंग्लंडइतकंच अमेरिकेत खपतं. ज्या लोकांना कायदा एवढा कळतो त्यांच्याशी जपून वागा. महिनाभरात स्वातंत्र्ययुद्धाची पहिली गोळी सुटली.

स्वातंत्र्यानंतर पेच पडला. राजा नको, पण राजाच्या न्यायालयांचा कायदा? बहुतेक राज्यांनी तो ठेवला. न्यू जर्सी आणि केंटकीसारख्या काही राज्यांनी मात्र १७७६ नंतरचे इंग्रजी निवाडे न्यायालयात वाचायलाच बंदी केली. जेफरसनचं तर मत बदललं. तरुणपणी ज्या कोकला त्याने शिव्या घातल्या, त्याच्या खडबडीत पुस्तकाने स्वातंत्र्यवादी घडवले आणि ब्लॅकस्टनच्या मधाळ भाषेने राजाचे भाट, असं तो म्हातारपणी म्हणू लागला.

मग अमेरिकनांनी स्वतःचे ब्लॅकस्टन घडवले. सेंट जॉर्ज टकरने १८०३ मध्ये टिपा जोडून पाच खंडांची आवृत्ती काढली. जेम्स केंटचं तर आयुष्यच त्या पुस्तकाने वळवलं. १७७९ मध्ये युद्धामुळे येल कॉलेज विस्कटलं, तेव्हा हा पोरगा खेड्यात जाऊन ब्लॅकस्टन वाचत बसला आणि भारावून गेला. न्यूयॉर्कमध्ये चॅन्सलर या पदाचा न्यायाधीश झाल्यावर साठाव्या वर्षी नियमाप्रमाणे त्याला खुर्ची सोडावी लागली, आणि त्या सक्तीच्या फुरसतीत त्याने १८२६ ते १८३० मध्ये अमेरिकन कायद्यावरचे चार खंड लिहिले.

पण बहुसंख्य वकील घडले ते वकिलाच्या कचेरीत नकला काढून किंवा एकट्याने वाचून. इलिनॉयमधल्या न्यू सेलम गावात अब्राहम लिंकनने जुन्या सामानाचं एक पिंप विकत घेतलं आणि त्याच्या तळाशी ब्लॅकस्टन सापडला, ही आख्यायिका आहे. त्याने ते पुस्तक तिथेच वाचलं आणि १८३६ मध्ये सनद मिळवली, हे मात्र खरं. १८६० मध्ये, अध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या धामधुमीत, कायदा शिकू पाहणाऱ्या एका तरुणाला त्याने पत्रातून सांगितलं की सुरुवात ब्लॅकस्टनपासून कर, आणि मग काम, काम आणि काम.

प्रयोगशाळा आणि तिचे टीकाकार

हार्वर्डचं लॉ स्कूल १८१७ सालचं. त्याला बळ मिळालं ते आयझॅक रॉयल याच्या देणगीतून, आणि रॉयल घराण्याची दौलत अँटिगातल्या उसाच्या मळ्यांवर राबणाऱ्या गुलामांच्या घामातून आलेली होती. त्या घराण्याच्या तीन पेंढ्या असलेलं बोधचिन्ह विद्यार्थ्यांच्या आंदोलनानंतर २०१६ साली काढून टाकण्यात आलं. ऑक्सफर्डलाही हाच हिशेब चुकवावा लागला. ज्या कॉडरिंग्टन ग्रंथालयाचं बांधकाम ब्लॅकस्टनने नेटाने पुरं करून घेतलं, ते बार्बाडोसच्या मळेवाल्याच्या पैशाचं होतं. २०२० मध्ये त्याचं नाव वापरणं थांबवण्यात आलं.

लँगडेल आला तेव्हा हार्वर्डमध्ये प्रवेशाला पात्रता नव्हती आणि पदवीला परीक्षा नव्हती. ठरावीक सत्रं हजेरी लावली की पुरे. लँगडेलने परीक्षा आणल्या, अभ्यासक्रमाची वर्षं वाढवली आणि १८७१ मध्ये करार-कायद्यावरच्या निवडक खटल्यांचं पुस्तक काढलं. कायदा हे शास्त्र आहे, ग्रंथालय ही त्याची प्रयोगशाळा आणि छापील निवाडे हे नमुने, असा त्याचा दावा. रसायनशास्त्रज्ञ जसा द्रव्यातून मूलतत्त्व काढतो तसं निवाड्यातून तत्त्व काढायचं.

या दाव्यावर सर्वांत धारदार टीका केली ती ऑलिव्हर वेंडेल होम्सने. अमेरिकन यादवी युद्धात तीनदा जखमी झालेल्या या माणसाचा चकचकीत तर्कावर विश्वास नव्हता. त्याने लँगडेलला कायद्यातला सर्वांत मोठा हयात धर्मशास्त्री म्हटलं, आणि ती काही स्तुती नव्हती. १८८१ मध्ये ‘द कॉमन लॉ’ या पुस्तकात त्याने मांडलं की कायदा तर्कातून वाढत नाही. काळाच्या गरजा, लोकांच्या समजुती आणि न्यायाधीशांचे पूर्वग्रहसुद्धा त्याला घडवतात. पुढे तो तीस वर्षं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात बसला. १९०५ मध्ये त्या न्यायालयाने पाव भाजणाऱ्या कामगारांचा दिवस दहा तासांवर मर्यादित करणारा न्यूयॉर्कचा कायदा, करार-स्वातंत्र्याच्या नावाखाली, पाच विरुद्ध चार मतांनी रद्द केला. विरोधी मत देणाऱ्यांत होम्स होता. तीन वर्षांनी ऑरेगनच्या धुलाईकामगार स्त्रियांचा तसाच खटला आला, तेव्हा लुई ब्रँडाइस या वकिलाने शंभरांहून अधिक पानांचं निवेदन दिलं. त्यात कायद्याची जेमतेम दोन पानं, बाकी कारखान्यांचे अहवाल, डॉक्टरांची मतं आणि आकडे. ते साहित्य मुख्यतः त्याची मेहुणी जोसेफीन गोल्डमार्क हिने जमवलेलं. तो खटला ब्रँडाइसने जिंकला.

हाच ब्रँडाइस आणखी एका गोष्टीने अजरामर झाला. हार्वर्डच्या विद्यार्थ्यांनी १८८७ मध्ये स्वतःचं नियतकालिक सुरू केलं. प्राध्यापकांचे लेख विद्यार्थी तपासतात, कापतात, नाकारतात, ही अमेरिकेतली उलटी गंगा तिथून जोरात वाहू लागली. डिसेंबर १८९०च्या अंकात ब्रँडाइस आणि सॅम्युएल वॉरन यांनी खासगीपणाच्या हक्कावर लेख लिहिला. झटपट छायाचित्रं आणि चहाटळ वर्तमानपत्रांच्या काळात माणसाला एकटं राहू देण्याचा हक्क हवा, आणि त्याची बीजं जुन्या निवाड्यांत आहेतच, असं त्यांचं म्हणणं. न्यूयॉर्कमध्ये एका तरुणीचं चित्र तिला न विचारता पिठाच्या जाहिरातीवर छापून पंचवीस हजार प्रती वाटल्या गेल्या. १९०२ मध्ये न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी तिला दाद नाकारली. लोक इतके संतापले की पुढच्याच वर्षी राज्याने कायदा केला. १९०५ मध्ये जॉर्जियाच्या न्यायालयाने तो हक्क थेट मान्य केला. एका लेखाने कायद्यात नवं दालन उघडलं होतं. २०१७ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तेव्हा त्या लेखाचा दाखला आलाच.

चर्मपत्रांवरची धूळ

इंग्लंडमध्ये दरम्यान एका प्रश्नाला कोणी हात लावला नव्हता: हा कायदा मुळात घडला कसा? वकील इतिहास वाचत तो दाखल्यापुरता. फ्रेडरिक मेटलँड हाही वकिलीत फारसा न रमलेला माणूस. तेराव्या शतकातला न्यायाधीश ब्रॅक्टन याच्या वापरातली वाटणारी एक खटल्यांची वही पॉल विनोग्राडॉफ या रशियन इतिहासकाराने ब्रिटिश म्युझियममध्ये ओळखली; मेटलँडने ती १८८७ मध्ये तीन खंडांत छापली. त्याच वर्षी त्याने जुनी कायदेकागदपत्रं छापणाऱ्या सेल्डन सोसायटीचा पाया घातला. वकिलांची ती मोडकी फ्रेंच तो इतकी शिकला की तिचं व्याकरणच त्याने लिहून काढलं. तब्येत अशी की हिवाळे कॅनरी बेटांवर काढावे लागत. तिथेच १९०६ मध्ये, छप्पन्नाव्या वर्षी, तो गेला. त्याचं आणि फ्रेडरिक पोलॉकचं १८९५ सालचं इंग्लंडच्या कायद्याच्या इतिहासाचं पुस्तक आजही त्या विषयाचा पाया आहे.

या पोलॉकचा मुंबईशी संबंध आला. आणि इथेच बेंथॅमचं स्वप्नही भेटतं. इंग्लंडने नाकारलेल्या संहिता ब्रिटिशांनी भारतात लागू केल्या. लँगडेलचं खटल्यांचं पुस्तक १८७१ सालचं आणि भारतीय करार कायदा १८७२ सालचा, म्हणजे एकच विषय एका वर्षाच्या अंतराने दोन टोकांच्या रूपांत उभा राहिला: तिकडे गोष्टींमधून नियम शोधायचा, इकडे नियम कलमात आणि खाली ‘क’ने ‘ख’ला घर विकायचा प्रस्ताव दिला अशी छोटी उदाहरणं. या करार कायद्यावरचं भाष्य १९०५ मध्ये पोलॉकने मुंबईचे दिनशा फरदुनजी मुल्ला यांच्या साहाय्याने लिहिलं. ‘पोलॉक अँड मुल्ला’ हे नाव आजही वकिलांच्या कपाटात असतं.

कायदा शिकायला इथली माणसंही तिकडे गेली. नाशिकला १८६६ साली जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८८९ मध्ये ऑक्सफर्डला पोहोचल्या. ब्लॅकस्टनने पुरं करून घेतलेल्या त्या कॉडरिंग्टन ग्रंथालयात बसून त्या कायदा वाचत. १८९२ मध्ये खास परवानगीने त्यांनी बीसीएलची परीक्षा दिली. तिथे कायद्याची ही परीक्षा देणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. पण स्त्रियांना पदवीच मिळत नसल्याने ती हातात पडायला १९२२ साल उजाडलं. त्याच १९२२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले. त्याआधी ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले होते, म्हणजे दोन्ही देशांची विद्या त्यांच्याकडे होती.

ती कसाला लागली संविधान सभेत. नागरिकाचं जीवित आणि स्वातंत्र्य कसं राखायचं, या कलमात आधी अमेरिकेसारखे ‘ड्यू प्रोसेस’ हे शब्द होते. सभेचे सल्लागार बी. एन. राव १९४७ मध्ये अमेरिकेला गेले आणि तिथले न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांना भेटले. हे हार्वर्डचे जुने प्राध्यापक, ब्रँडाइसचे स्नेही. पाव भाजणाऱ्यांच्या खटल्यासारखे निकाल त्यांनी पाहिले होते. लोकांनी निवडून दिलेल्यांचे कायदे मोडायची एवढी ताकद मूठभर न्यायाधीशांना देऊ नका, असा त्यांचा सल्ला होता. मसुद्यात ‘कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’ असे शब्द आले. डिसेंबर १९४८ मध्ये त्यावर वाद झाला, तेव्हा बाबासाहेबांनी दोन्ही बाजूंचे धोके मांडले आणि निर्णय सभेवर सोपवला. शब्द तसेच राहिले. १९७८ मध्ये मनेका गांधी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की ही कार्यपद्धती न्याय्य, उचित आणि वाजवीही असली पाहिजे, आणि गाळलेला आशय मागच्या दाराने परत आला.

आणि ज्या खटल्याने लँगडेलचा वर्ग सुरू झाला, तोही इथे पोहोचला आहे. केव्हची पुरी गोष्ट भारतीय कायद्यात नाही, तिचा गाभा तेवढा आहे. माल विक्री अधिनियम, १९३०, कलम ६४: हातोडा पाडून किंवा इतर रूढ पद्धतीने विक्री पुरी झाल्याचं जाहीर होईपर्यंत कोणाही बोली बोलणाऱ्याला आपली बोली मागे घेता येते.